गाणी माणसांची, गोष्ट चित्रांची: टीव्हीवरच्या 'लाइव्ह' डिस्ने म्युझिकल्सबद्दल

नांदीवाला (धागाकर्ता)

मागे एका धाग्यावर हा विषय निघाला आणि तिथे फारच अवांतर व्हायला लागलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

५ नोव्हेंबर २०१९ ला अमेरिकेत एबीसी वाहिनीवर 'द लिटिल मरमेड लाइव्ह!' झालं. मूळ चित्रपट म्हणजे डिस्नेचं कार्टून, नोव्हेंबर १९८९ चं, म्हणजे निमित्त तिशीचं. दिग्दर्शक हॅमिश हॅमिल्टन, सुपर बोलचे (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) हाफटाइम शो आणि ऑस्करचा सोहळा वगैरे हाताळलेला माणूस. नायिका एरिअल, म्हणजे माणूस व्हायची आस लागलेली जलपरी, झाली होती आउलीई क्रावालो, डिस्नेच्याच 'मोआना'चा आवाज. अर्सुला चेटकीण क्वीन लतीफा, सबॅस्टियन खेकडा गायक शॅगी, राजपुत्र एरिक ग्रॅहम फिलिप्स आणि तो माशांच्या मागे सुरा घेऊन लागणारा आचारी जॉन स्टेमॉस. नावं बघून वाटतं की पूर्ण नाटकच बसवलं असणार. तसं नव्हतं. मोठ्या पडद्यावर जुना चित्रपट चालू राहायचा, गाण्याची जागा आली की चित्र थांबायचं आणि प्रेक्षकांच्या मधोमध उभारलेल्या रंगमंचावर तेवढं गाणं माणसं सादर करायची. गाणं संपलं की टाळ्या, आणि परत पडद्यावर कार्टून.

कार्यक्रम दिमाखदार होता, यात शंका नाही. हवेत टांगलेले कसरतपटू, बाहुल्या, झगमगाट. क्रावालो गाते सुरेख. तरी काहीतरी चुकतंय असं सारखं वाटत होतं. मला जे कळलंय ते असं.

तिला बोलायलाच दिलेलं नाही. संवाद सगळे चित्रातल्या एरिअलचे, १९८९ चे. बापाशी भांडण चित्रातली एरिअल करते, रागाने गुहेत ती जाते, आणि ऐन भावनेच्या टोकावर पडदा सरकतो आणि 'पार्ट ऑफ युअर वर्ल्ड' म्हणायला दुसरीच मुलगी हजर होते. तिने ते भांडण केलेलं नाही. तिच्या आवाजात तो राग उतरणार कुठून? ती बिचारी कोऱ्या पाटीवरून सुरुवात करते, सुंदर गाते आणि निघून जाते.

संगीत नाटक बघत वाढलेल्यांना हे जास्त खुपेल. आपल्याकडे पद असं आकाशातून पडत नाही. गद्य चढत जातं, पात्राला बोलणं पुरेनासं होतं, पेटीवाला हळूच सूर धरतो आणि मग पद. गद्य एकाने म्हणायचं आणि पद दुसऱ्याने, असं कुणी केलं असतं तर पिटातून काय काय फेकलं गेलं असतं, विचार करा.

आणि गंमत म्हणजे हा चित्रपट मुळात नाटकवाल्यांनीच बांधलेला आहे. गीतकार हॉवर्ड अ‍ॅशमन आणि संगीतकार अ‍ॅलन मेन्केन हे दोघे डिस्नेकडे आले ते न्यूयॉर्कच्या ऑफ-ब्रॉडवेवरून (ब्रॉडवे म्हणजे तिथली मोठी व्यावसायिक रंगभूमी, ऑफ-ब्रॉडवे म्हणजे छोटी थिएटरं). १९८२ साली त्यांनी 'लिटिल शॉप ऑफ हॉरर्स' गाजवलं होतं. नायिकेला पहिल्या भागातच 'मला काय हवंय' हे सांगणारं एक गाणं द्यायचं, आणि त्या हव्यासावर पुढची गोष्ट उभी करायची, हा ब्रॉडवेचा जुना नियम अ‍ॅशमनने डिस्नेच्या लोकांना समजावून सांगितला. एरिअलचं ते गाणं म्हणजे 'पार्ट ऑफ युअर वर्ल्ड'. चाचणी खेळात लहान मुलं त्या गाण्याला चुळबुळ करायला लागली म्हणून डिस्ने स्टुडिओचे तेव्हाचे प्रमुख जेफ्री कॅटझेनबर्ग ते कापायला निघाले होते. अ‍ॅशमन आणि मंडळी अडून बसली म्हणून वाचलं. मूळ चित्रपटात एरिअलचा आवाज दिला जोडी बेन्सन हिने, तीही रंगमंचावरची नटी, अ‍ॅशमनच्याच १९८६ च्या ब्रॉडवे नाटकात काम केलेली. ध्वनिमुद्रणाच्या वेळी अ‍ॅशमन तिच्या शेजारी उभा राहून ओळ न् ओळ सांगतोय, मोठ्याने गाऊ नकोस, स्वतःशी बोलल्यासारखं म्हण, असं चित्रीकरण उपलब्ध आहे. जरूर बघा.

म्हणजे नाटकातून चित्रपटात गेलेली गोष्ट तीस वर्षांनी टीव्हीवाल्यांनी पुन्हा रंगमंचावर आणली, आणि आणताना नेमकं नाटक तेवढं वगळलं!

असं का केलं असेल, यावर तुमची मतं वाचायला आवडतील. २०२२ चं 'ब्यूटी अँड द बीस्ट' आणि एनबीसी, फॉक्स या दुसऱ्या वाहिन्यांची इतर लाइव्ह म्युझिकल्स ज्यांनी पाहिलीत त्यांनीही लिहा.

---

मनू_सॅनहोजे

लेख आवडला, पण पोरांची बाजू मांडायला कुणीतरी हवं ना. आमच्या घरी दोघींनी सोफ्यावर उभं राहून अख्खा कार्यक्रम बघितला. त्यांना संवाद पाठ, गाणी पाठ. त्यांच्या दृष्टीने एरिअल खरीखुरी माणूस होऊन आली आणि आपल्यासारख्याच मुलांच्या गर्दीत गायली, एवढंच पुरे होतं. गद्य-पद्याचा सांधा वगैरे चाळिशीनंतरचे त्रास आहेत. :)

एक मात्र आहे. आमच्याकडे पश्चिम किनाऱ्यावर असले 'लाइव्ह' कार्यक्रम तीन तास शिळे येतात. पूर्वेकडे आठ वाजता झाला की तीच फीत आमच्या आठ वाजता. न्यूजर्सीतल्या नणंदेने तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर शॅगीचे फोटो टाकून हसून घेतलं होतं.

---

तिरकस

लतीफा अंगाखांद्यावर ऑक्टोपस घेऊन आली, आणि शॅगी लाल जाकीट घालून. खेकड्याला नांग्या नाहीत! बजेट संपलं का?

---

झुळूक

तिरकस, +१. त्या रात्री ट्विटरवर नांग्यांशिवाय दुसरा विषय नव्हता.

---

पडद्यामागची

नांदीवाला, मुद्दा पटला, पण 'असं का केलं' याचं उत्तर बरंचसं कामाच्या सोयीत आहे. मी नाटकांना ध्वनी देते, त्यामुळे त्या बाजूने लिहिते.

या प्रकाराचा उगम लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोल या खुल्या प्रेक्षागृहात आहे. तिथे २०१६ साली याच चित्रपटाचा खेळ झाला: मागे चित्रपट, समोर वाद्यवृंद, गाणी प्रत्यक्ष गायक म्हणणार. गायिका सेरा बॅरेलिस एरिअल होती. आजकाल जगभर असे 'चित्रपट अधिक वाद्यवृंद' कार्यक्रम होतात. त्यात संचालकाच्या कानात क्लिक ट्रॅक (ठेक्याची टिकटिक) असतो, समोरच्या छोट्या पडद्यावर चित्रपट आणि त्यावर उभ्या रेषा सरकत येतात, त्या रेषेला ठोका पडलाच पाहिजे. गायिकेला एखादी जागा लांबवाविशी वाटली तरी सोय नाही, चित्रातलं तोंड तोवर मिटलेलं असतं.

एबीसीने यात एक सुधारणा केली. गाण्यापुरतं चित्र बाजूला ठेवलं, त्यामुळे ओठ जुळवायची कटकट गेली. पण संवादांचे प्रवेश लाइव्ह करायचे म्हटले की खर्च कुठल्या कुठे जातो. दोन तास सगळ्या नटांना माइक, नेपथ्याचे बदल, कॅमेऱ्यांच्या जागा, महिनाभराच्या तालमी. चित्रपट चालू असताना मागे कपडे बदलता येतात, सेट सरकवता येतो, माइकच्या बॅटऱ्या बदलता येतात. ८३ मिनिटांचा चित्रपट म्हणजे त्यांच्यासाठी आयता विंगेतला वेळ. हा कार्यक्रम मुळात २०१७ साली व्हायचा होता, जाहीर होऊन मग पुढे ढकलला गेला, तोही उगाच नसावा.

आणि दोन तासांचा स्लॉट म्हणजे दोन तासच. जाहिराती ठरल्या सेकंदाला. वन्स मोअरची तर बातच सोडा.

---

नांदीवाला

पडद्यामागची, वा! हे अपेक्षितच होतं तुमच्याकडून. विंगेतल्या वेळाचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. पण मग एनबीसीने कसं जमवलं? डिसेंबर २०१३ मध्ये त्यांनी 'द साउंड ऑफ म्युझिक लाइव्ह!' पूर्ण केलं, संवादांसकट. नायिका झालेल्या गायिका कॅरी अंडरवुडच्या अभिनयावर लोक तुटून पडले, तरी १ कोटी ८६ लाख लोकांनी बघितलं. त्यानंतरच तर ही लाट आली.

---

माधवकाका_डोंबिवली

लाट २०१३ ची नव्हे मंडळी, १९५५ ची. तुम्ही तरुण लोक सगळं नेटफ्लिक्सपासून मोजता.

७ मार्च १९५५ ला एनबीसीने 'पीटर पॅन' रंगीत आणि थेट दाखवलं, मेरी मार्टिन पीटर. साडेसहा कोटी लोकांनी पाहिलं असा अंदाज आहे. रंगीत प्रक्षेपण जतन करायची सोयच नव्हती. टीव्हीच्या पडद्यावर कॅमेरा रोखून घेतलेली कृष्णधवल फीत तेवढी उरली. लोकांनी परत मागितलं तर काय केलं असेल? जानेवारी १९५६ मध्ये सगळ्या संचाने पुन्हा उभं राहून पुन्हा थेट केलं! १९६० साली टेपवर घेतलं तेव्हा कुठे एकदाचं रंगीत टिकलं.

मग ३१ मार्च १९५७, सीबीएस, रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या ब्रॉडवेच्या संगीतकार-गीतकार जोडीने खास टीव्हीसाठी लिहिलेलं 'सिंड्रेला'. नायिका ज्युली अँड्र्यूज, तेव्हा ब्रॉडवेवर 'माय फेअर लेडी' गाजवत होती. दहा कोटींच्या वर लोकांनी बघितलं. अमेरिकेची लोकसंख्या तेव्हा सतरा कोटींच्या आसपास. हिशोब करा.

डिस्नेचा कार्टून सिंड्रेला १९५० चा आणि कार्टून पीटर पॅन १९५३ चा. म्हणजे कार्टून येऊन गेल्यावर दोन ते सात वर्षांत तीच गोष्ट टीव्हीवर थेट, हे सत्तर वर्षांपूर्वीच होऊन गेलंय.

---

अनुस्वार

काका, माहिती भारी, पण तुलना जरा ओढूनताणून. मेरी मार्टिनचं पीटर पॅन हे मूळ लेखक बॅरीच्या १९०४ च्या नाटकावरचं आणि ब्रॉडवेवर आधी झालेलं म्युझिकल. डिस्नेच्या चित्रपटातलं त्यात काही नाही. सिंड्रेलाची गाणीही स्वतंत्र. धागा चालू आहे तो कार्टूनचीच गाणी, कार्टूनचीच पात्रं घेऊन केलेल्या कार्यक्रमांबद्दल.

---

माधवकाका_डोंबिवली

अहो अनुस्वार, माझा मुद्दा तोच आहे! तेव्हाच्या लोकांनी कार्टूनकडे बघून 'आता यावर आपण काय बोलणार' असं म्हटलं नाही. गोष्ट उचलली, गाणी नवी केली, आणि स्वतःचं काहीतरी उभं केलं. २०१९ वाल्यांना मूळ चित्रपट पडद्यावरून हलवायचीसुद्धा हिंमत झाली नाही.

---

अनुस्वार

असं म्हणत असाल तर सहमत.

---

हिशेबनीस

सगळे कलेवर बोलताय, म्हणून मी पैशांवर बोलतो.

एबीसी डिस्नेच्याच मालकीची, १९९६ पासून. 'द लिटिल मरमेड लाइव्ह!' झालं ५ नोव्हेंबर २०१९ ला. डिस्ने प्लस सुरू झालं १२ नोव्हेंबर २०१९ ला. मध्ये बरोबर एक आठवडा. आता सांगा, मूळ चित्रपट पडद्यावर का ठेवला असेल? विकायचा तोच होता. लाइव्ह गाणी बघून पोरगी म्हणणार, 'आई, पूर्ण सिनेमा लाव', आणि आई सात दिवसांत खातं उघडणार. कार्यक्रमाला साधारण ९० लाख प्रेक्षक मिळाले, म्हणजे जाहिरात बरीच दूरवर पोचली.

यात नवीन काही नाही. कार्यक्रम झाला तो 'वंडरफुल वर्ल्ड ऑफ डिस्ने' या बॅनरखाली. त्या मालिकेचं मूळ म्हणजे १९५४ साली वॉल्ट डिस्नेने एबीसीवरच सुरू केलेला कार्यक्रम, नाव 'डिस्नेलँड'. त्या बदल्यात एबीसीने पार्क बांधायला पैसे घातले, आणि जुलै १९५५ मध्ये पार्क उघडलं. टीव्हीवर गोष्ट सांगायची आणि प्रेक्षकाला दुकानापर्यंत आणून सोडायचं, हे या घरात पहिल्यापासून चालत आलंय.

---

मनू_सॅनहोजे

हिशेबनीस, अगदी तस्संच झालं. खातं उघडलं. :( अजून चालू आहे.

---

शमा

मला नांदीवालांचा मुद्दा ९० टक्के पटतो, पण एका गाण्याने तो मोडतो. क्वीन लतीफाचं 'पुअर अनफॉर्च्युनेट सोल्स'. कार्यक्रमातलं सगळ्यात जमलेलं गाणं ते, आणि तिलाही गद्य दिलेलं नव्हतंच की.

मला वाटतं कारण असं की त्या गाण्याच्या पोटातच गद्य आहे. अर्सुला त्यात गाते, मध्येच बोलते, आमिष दाखवते, दटावते, कागदावर सही करून घेते आणि शेवटी आवाज काढून घेते. गाणं सुरू होताना एरिअलकडे आवाज आहे, संपताना नाही. अख्खा प्रवेश तिथेच घडतो. लतीफाला आधीचं काही उसनं घ्यावं लागत नाही. त्यात बाई रॅपपासून ब्रॉडवेच्या गाण्यांपर्यंत सगळ्यात मुरलेली, आणि २०१५ च्या 'द विझ लाइव्ह!'चा अनुभव पाठीशी.

अवांतर: अर्सुलाचं रूप चित्रकारांनी डिव्हाइन या अमेरिकन ड्रॅग कलाकारावरून घेतलं होतं. बाईचं सोंग घेतलेला धिप्पाड पुरुष, भुवया कपाळापर्यंत. हे वाचलं तेव्हा मला पटकन 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण आठवली. मतकरींच्या त्या नाटकात आधी दिलीप प्रभावळकर, २०१८ च्या नव्या संचात वैभव मांगले. मुलांना घाबरवता घाबरवता हसवायचं तर हे काम पुरुषानेच करावं, हे दोन टोकांच्या दोन देशांत लोकांना कसं सुचलं असेल?

---

तिरकस

चेटकिणीचा उल्लेख झाला, धागा आता शंभरी गाठणार.

---

कणकवलीकर

शमा, दशावतार बघायला या आमच्याकडे. पेट्रोमॅक्सच्या उजेडात, एका बाकावर, लुगडं नेसलेला बाप्या राणी म्हणून रडतो आणि म्हाताऱ्या बायका डोळे पुसतात. मागे पडदा एकच, तोही कधीकधी गावच्या मंडळाच्या नावाचा. माणसं काय वाट्टेल ते मान्य करतात हो, फक्त नटाने अर्धवट करू नये. शॅगीला नांग्या दिल्या नाहीत त्याचं दुःख नाही. नांग्या नाहीत तर हाताने खेकडा करून दाखव ना! तो मस्त उभा राहून गात होता, समुद्रकिनारी सुट्टीवर आल्यागत.

---

पडद्यामागची

कणकवलीकर, अगदी! ब्रॉडवेवर 'द लायन किंग' १९९७ पासून चालू आहे, ज्यूली टेमॉरने बसवलेलं. तिथे सिंहाचा मुखवटा नटाच्या डोक्याच्या वर असतो, नटाचा चेहरा खाली उघडा दिसतो, आणि चालण्यात सिंह असतो. लपवाछपवी काही नाही. प्रेक्षक एकाच वेळी माणूसही बघतात आणि जनावरही.

'द लिटिल मरमेड'चं ब्रॉडवे नाटक २००८ च्या जानेवारीत आलं. त्यात पाण्यात पोहणं दाखवायला नटांना टाचेत चाकं असलेले बूट दिले होते, सगळे रंगमंचावर घसरत फिरायचे. समीक्षकांनी धुतलं. पण निदान काहीतरी करून बघितलं म्हणायचं.

---

झुळूक

आपल्याकडेही डिस्ने इंडियाने हे केलंय की. २०१५ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये 'ब्यूटी अँड द बीस्ट', दिग्दर्शक विक्रांत पवार. सगळे भारतीय कलाकार, नाटक इंग्रजीत. मग २०१८ मध्ये एनसीपीएला 'अ‍ॅलाडिन'. मी पहिलं पाहिलं होतं. तिकीट महाग होतं, पण जे होतं ते पूर्ण नाटक होतं, गद्यासकट. टीव्हीवर मात्र कुणी दाखवलं नाही.

---

अनुस्वार

२०२२ वर कुणीच बोलत नाहीये, म्हणून लिहितो.

१५ डिसेंबर २०२२, एबीसी, 'ब्यूटी अँड द बीस्ट: अ थर्टिएथ सेलिब्रेशन'. पहिला विनोद नावातच. चित्रपट १९९१ चा, म्हणजे एकतीस वर्षं होऊन गेलेली. दिग्दर्शक पुन्हा हॅमिश हॅमिल्टन, निर्मात्यांत जॉन एम. चू. नायिका बेल झाली गायिका एच.ई.आर., बीस्ट जॉश ग्रोबन, खलनायक गॅस्टन जोशुआ हेन्री, ल्युमिएर मार्टिन शॉर्ट, मिसेस पॉट्स शनाया ट्वेन, आणि गोष्ट सांगायला रीटा मोरेनो.

हे लाइव्ह नव्हतं. प्रेक्षकांसमोर आधी चित्रित करून ठेवलेलं. नावातून 'लाइव्ह' काढून टाकलं, ते प्रामाणिकपणाचं. साचा तोच: पडद्यावर चित्रपट, गाण्याला माणसं. पण निवेदक आणल्याने जरा फरक पडला. मोरेनोबाई मधल्या जागा भरतात, त्यामुळे चित्रातून माणसांत जाताना तेवढा धक्का बसत नाही. आपल्याकडचा सूत्रधार जे करतो तेच.

आणि शमाचा नियम इथेही लागू. गॅस्टनचं गाणं जोरात वाजलं, कारण त्यात दारूच्या गुत्त्यातला पूर्ण प्रवेशच आहे. जोशुआ हेन्री मुळात ब्रॉडवेचा. बेल आणि बीस्टच्या हळव्या जागा मात्र तशाच पोकळ.

---

नांदीवाला

सूत्रधाराचा मुद्दा फार आवडला. म्हणजे गद्य द्यायचं नसेल तर निदान सांधणारा माणूस तरी द्या. २०१९ मध्ये सूत्रसंचालनाला अँबर रायली होती सुरुवातीला, पण ती पुढे गोष्टीसोबत राहत नाही.

बाकी आधी चित्रित केलेलं असेल तर मग बघायचं कशासाठी, हा प्रश्न उरतोच. चुकण्याची शक्यता हीच तर यातली मजा ना?

---

पडद्यामागची

चुकण्याची शक्यता काय असते ते फॉक्सला विचारा. जानेवारी २०१९, 'रेंट'. आदल्या दिवशीच्या रंगीत तालमीत ब्रेनिन हंटचा पाय मोडला. मुख्य भूमिका, बदली नट तयार नाही. शेवटी टीव्हीवर दाखवली ती बहुतांश त्या तालमीची फीत, आणि शेवटचा भाग तेवढा थेट, हंटला बसवून. नाटकाच्या धंद्यात कुठलाही व्यवस्थापक बदली नटाशिवाय दौऱ्यावर निघत नाही. टीव्हीवाल्यांना एका रात्रीसाठी दुसरा नट पोसणं परवडत नाही, आणि मग ही वेळ येते.

उलट उदाहरण, २०१६ चं 'ग्रीस लाइव्ह!'. ऐन दिवशी पाऊस. पहिलंच गाणं उघड्यावर. त्यांनी छत्र्या घेतल्या आणि केलं. दिग्दर्शक टॉमस केल, ब्रॉडवेचं 'हॅमिल्टन' नावाचं नाटक बसवणारा. नाटकवाला माणूस होता, म्हणून निभावलं.

---

हिशेबनीस

एक प्रश्न. एनबीसीने २०२० मध्ये 'द ग्रिंच म्युझिकल' केलं, तेही या यादीत येतं का? ते लंडनच्या थिएटरात करोनामुळे आधी चित्रित केलेलं. नाताळ पळवणारा तो खडूस हिरवा ग्रिंच लोकांच्या डोळ्यांसमोर आहे तो १९६६ च्या टीव्ही कार्टूनमुळे.

---

अनुस्वार

अर्धं येतं. डॉ. स्यूसचं मुलांचं पुस्तक आणि रंगमंचावरचं म्युझिकल हा त्याचा आधार. पण कार्टूनमधलं ग्रिंचला शिव्या घालणारं गाणं ठेवलं होतं, कारण ते नसतं तर लोकांनी टीव्ही फोडले असते. मॅथ्यू मॉरिसनचा ग्रिंच मला सहन झाला नाही, कारण सांगत बसत नाही.

---

वाचनमात्र

बरीच वर्षं नुसती वाचते इथे, आज लिहावंसं वाटलं.

एरिअलबद्दल एक गोष्ट कुणी लिहिली नाही. दुसऱ्या अर्ध्यात तिला आवाजच नाही. म्हणजे ज्या कार्यक्रमात नायिका फक्त गाण्यापुरती समोर येते, त्यात अर्सुलाच्या गाण्यानंतर तिला यायचं काही कारणच उरत नाही. ब्रॉडवेवाल्यांनी यावर तोड काढली होती. मुकी झाल्यावरही तिला मनातल्या मनात म्हणता येतील अशी नवी गाणी दिली. एबीसीने ब्रॉडवेवरचं एरिकचं गाणं घेतलं, 'हर व्हॉइस', पण ते एरिकचं. मी बघताना थोडी चिडले होते की नायकाला जास्तीचं गाणं मिळालं आणि नायिकेला नाही.

पण मग 'किस द गर्ल' आलं. होडीत दोघं, गातोय शॅगी. क्रावालोला गायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं बसायचं आहे. आणि संपूर्ण कार्यक्रमात मला ती एरिअल वाटली ती तिथे. त्याच्याकडे बघणं, बोलायला तोंड उघडून थांबणं, हसू दाबणं. तिच्या वाट्याला आलेला खरा प्रवेश तोच एक.

---

शमा

वाचनमात्र, अगं इतकी वर्षं गप्प का होतीस!

---

नांदीवाला

म्हणजे ज्या गाण्यात तिला गायचंच नाही, तिथे नटीला नाटक मिळालं. आता ते गाणं शॅगीकडे न बघता परत बघायला हवं.

---

तिरकस

शॅगीकडे न बघता? मग नांग्या कोण शोधणार?

---

मनू_सॅनहोजे

आत्ता मुलींना विचारलं, सगळ्यात आवडलेलं काय? मोठी म्हणते 'अंडर द सी'. धाकटी म्हणते आचारी, कारण तो ओरडत होता. वाचनमात्र, तुमचं ते होडीतलं दोघींना आठवतसुद्धा नाही.

---

माधवकाका_डोंबिवली

धाकटीला माझ्याकडे पाठव. १९५५ चा कॅप्टन हुक दाखवतो, तोही बराच ओरडतो.